मुदतीचा कोरा रकाना

व्यंकू, तुझ्या तेराव्याला मी चार होळग्या खाल्ल्या आणि वर तूप मागून घेतलं. मुद्दाम. बावीस वर्षं माझ्या डब्यातल्या पुरणपोळीला तू नावं ठेवलीस, सांगलीच्या लोकांना पुरण वाटता येत नाही म्हणालास. आता तुझ्याच घरी, तुझ्याच नावानं केलेल्या होळग्या, म्हणजे तुमच्या पुरणपोळ्या, मी चेपत होतो आणि तुला एक शब्द बोलता येत नव्हता. तुमच्या चामराजपेटेत या जेवणाला वैकुंठ समाराधना म्हणतात. तू वैकुंठात पोचलास की नाही, मला ठाऊक नाही. पोचला असशील तर तिथल्या दारावर तपासणीला माझ्यासारखा कुणी बसलेला नसणार, एवढं नक्की.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी जोशीनं तुझ्यावर चार शब्द मागितले आहेत. जन्म कुठं, शिक्षण कुठं, कारखान्यात कोणकोणत्या खात्यात होतास, ते सगळं तो स्वतः लिहिणार आहे. त्याला नीटनेटकं लिहिता येतं. मी लिहितोय ते उट्टं काढायला. छापायचं की नाही ते त्याचं त्यानं बघावं.

छोटे छोटे सूड मी या पंधरवड्यात उगवलेच आहेत. कारखान्याच्या बसमधली तुझी खिडकीची जागा मी पर्चेसच्या त्या माणसाला देऊन टाकली, ज्याच्या केसांच्या तेलाचा वास तुला सहन व्हायचा नाही. कॅन्टीनमध्ये तुझी शोकसभा झाली. मोठे साहेब म्हणाले, अत्यंत वक्तशीर माणूस. मी मागच्या रांगेतून मोठ्यानं खोकलो. चार जण वळून बघायला लागले, मग मी रुमालात तोंड घातलं. पण या सगळ्यानं माझं काही समाधान झालेलं नाही. खरं उट्टं आहे ते त्या कागदाचं.

समाराधनेची पंगत उठली, आचारी भांडी आवरायला लागले, तेव्हा वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. तुझ्या टेबलाच्या खणातून त्यांनी एक प्लास्टिकची फाइल काढली होती. विम्याचे कागद शोधत होत्या. त्यात तो घडी घातलेला फॉर्म मिळाला. त्यांनी तो माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "हे ऑफिसचं काय आहे का भावजी? तुमची सही आहे."

मी बघितलं आणि माझ्या पोटातल्या चारही होळग्यांचा दगड झाला. मी म्हणालो, ऑफिसचंच आहे, जुनं आहे, द्या मी बघतो. आणि घडी करून खिशात घातला. म्हणजे मी तुझ्या बायकोशी खोटं बोललो, तुझ्या समाराधनेच्या दिवशी, तुझ्या टेबलाशी उभं राहून. हे तू माझ्याकडून करवून घेतलंस. साधा कागद होता तो. कुणीही शहाण्या माणसानं तो दुसऱ्या दिवशी शेंगांच्या टरफलांबरोबर टाकून दिला असता. तू फाइलमध्ये लावून ठेवलास.

तो कन्सेशनचा फॉर्म होता. कन्सेशन म्हणजे काय ते तुला माहीत आहे, पण मंडळात आता कॉम्प्युटरवाली पोरं फार झाली आहेत, त्यांना सांगायला हवं. मशीन शॉपमध्ये एखादा पार्ट ड्रॉइंगपेक्षा केसभर जास्त-कमी झाला की खरं तर तो भंगारात जायला हवा. पण पार्ट महागाचा असतो, तारीख तोंडावर आलेली असते. मग शॉपचा माणूस एक फॉर्म भरतो. ड्रॉइंगमध्ये काय आहे, प्रत्यक्षात काय झालं, हा फरक चालेल असं का वाटतं आणि किती मुदतीपर्यंत चालवून घ्यायचं. खाली इन्स्पेक्शनची सही झाली की चुकलेला पार्ट बरोबर ठरतो. तळाला आणखी दोन ओळी असतात, कन्सेशन रद्द केल्याचं कारण आणि सही. त्या ओळी भरलेल्या मी फार वेळा पाहिल्या नाहीत.

तू शॉपचा, मी इन्स्पेक्शनचा. तू फॉर्म घेऊन यायचास, मी परत पाठवायचो. मुदतीचा रकाना तू नेहमी कोरा ठेवायचास आणि मी नेहमी त्याच्याभोवती लाल गोल करायचो. मुदत नसलेलं कन्सेशन म्हणजे चुकीलाच ड्रॉइंग करून टाकणं, हे वाक्य मी तुला इतक्या वेळा ऐकवलं की तू माझ्या आधी ते म्हणायला लागला होतास. मग म्हणायचास, "स्वल्प ॲडजस्ट कर की रे इन्स्पेक्टर." मी करायचो नाही. अख्ख्या कारखान्यात माझी ख्याती तीच होती.

आणि सिगारेट सोडण्याची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी आपल्या दोघांना एकाच यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. माझा काटा जिथं थांबला तिथंच तुझा थांबला, आणि डॉक्टर दोघांकडे आळीपाळीनं बघत लिहीत राहिले. बाहेर येताना तुझा चेहरा उतरला होता. तू म्हणालास, दोन हजार साल बघायचंय मला, काय होतंय ते तरी बघू. त्या संध्याकाळी बसथांब्यावर आपण शेवटची सिगारेट ओढली, बाय टू. या गावात एक कॉफी दोन पेल्यांत मागतात, तशी. पहिली अर्धी माझी, उरलेली तुझी. थोटूक तू बुटाखाली चिरडलंस आणि वर उभा राहिलास, जणू ते परत उठून येणार होतं.

बिअर सोडायची नाही हे मात्र त्याच वेळी ठरलं. शनिवारी कारखाना अर्धा दिवस. दोन वाजता एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीतल्या त्या पबचा जिना चढायचा, वरच्या गच्चीवरचं कठड्याजवळचं टेबल धरायचं, तू, मी आणि जोशी, प्रत्येकी दोन मग आणि मध्ये उकडलेल्या शेंगांची बशी. एवढं सुख आठवड्याला हवंच. माझ्या घरी हिचं म्हणणं होतं, सोडताय तर दोन्ही सोडा, एक दुसऱ्याला बोलावून आणतं. गंमत म्हणजे तू तिच्याच बाजूचा निघालास. तुझं म्हणणं, बिअरचा घोट गेला की हात आपोआप खिसा चाचपतो, हाताला कोण समजावणार? मी म्हणायचो, हात माझा आहे, मी समजावीन. तू हसायचास. हा वाद आपण तीन वर्षं घातला आणि तो तसाच अर्धवट टाकून तू निघून गेलास. याचाही राग आहे मला.

आता एक गोष्ट तुझ्या बाजूनं लिहितो, कारण ती लपवली तर मीच लबाड ठरेन. पहिले दोन महिने माझे फार वाईट गेले. सकाळी अकरा आणि दुपारी चार या आपल्या ओढायच्या वेळा. घड्याळात अकरा वाजले की माझे हात थरथरायचे, मापं घेता यायची नाहीत, हाताखालच्या माणसांवर मी खेकसायचो. नेमका तेव्हाच तू हातात पार्ट घेऊन यायचास आणि भांडण काढायचास. हा का रिजेक्ट केला, तुझा मायक्रोमीटर चुकीचा आहे, तुझी नजर गेली आहे. मी चवताळून परत मापं घ्यायचो, ड्रॉइंग काढायचो, तुला टेबलावर बोट आपटून दाखवायचो. अर्धा तास निघून जायचा. चार वाजता पुन्हा तेच. पुढं कितीतरी महिन्यांनी मी जुनी रजिस्टरं चाळली तेव्हा कळलं की त्यातला एकही पार्ट मी रिजेक्ट केलेला नव्हता. पास झालेले पार्ट तू उचलून आणत होतास. हे तुला मी कधी बोललो नाही. आभार मानायची आपल्यात पद्धत नव्हती. आता मानतो आणि इथंच संपवतो, कारण त्याच दिवसांत तू जे केलंस ते आठवलं की तोंड कडू होतं.

सोडून महिना झाला असेल. शनिवारी गच्चीवर पहिला मग आला आणि तू शर्टाच्या खिशातून तो फॉर्म काढलास. शॉपमधला खरा, छापील फॉर्म, तुझ्या सुबक अक्षरात भरलेला. पार्टचं नाव, व्यंकटेश. ड्रॉइंगप्रमाणे, सिगारेट शून्य. प्रत्यक्षात, एक, फक्त शनिवारी, बिअरसोबत. फरक चालेल याचं कारण, कार्यावर परिणाम नाही. हे तर तू प्रत्येक फॉर्मवर लिहायचास, भोक मोठं झालेलं असो की पार्टला तडा गेलेला असो. जोशी इतका हसला की त्याला ठसका लागला. मी फॉर्म हातात घेऊन नेहमीसारखा वरपासून खालपर्यंत वाचला. मुदतीचा रकाना कोरा होता.

आणि मी सही केली. लाल गोल केला नाही, परत पाठवला नाही. बावीस वर्षांत कोऱ्या मुदतीवर केलेली माझी ती एकच सही. सगळे हसत होते, मीही हसत होतो. तू सिगारेट पेटवलीस.

पुढचं तुला माहीत आहे. एकाच्या दोन झाल्या. पावसाळ्यात दोनाच्या तीन, आणि गेल्या वर्षापासून चार. मी बघत होतो. कधी बोललो तर तू छातीचा खिसा थोपटून म्हणायचास, "कन्सेशन आहे माझ्याकडं, सहीचं." मी चार सिगारेटींचं कन्सेशन दिलेलं नाही, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. इतर सहा दिवस तू खरंच ओढायचा नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण बसमध्ये मी तुझ्या शेजारी बसायचो आणि सिगारेट सुटल्यानंतर माझं नाक कुत्र्यासारखं झालं होतं.

मग तो शनिवार. सकाळी कारखान्याच्या बसथांब्यावर तू डबा खाली ठेवलास, खांबाला हात लावलास आणि बसलास. बस यायच्या आधी सगळं संपलं होतं. शनिवारच्या चार सिगारेटींनी कुणी मरत नाही, असं जोशी म्हणतो. डॉक्टरही ठामपणे काही बोलले नाहीत. तीस वर्षांचा जुना धूर होताच ना आत. पण तुझ्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वहिनी एकच सांगत होत्या, सोडली होती हो यांनी, तीन वर्षं झाली सोडून. मी कोपऱ्यात बसून ते ऐकत होतो. मधला शनिवार मी घरी काढला. आणि मग तेराव्याला तो कागद निघाला.

शुक्रवारी मी कामावर गेलो पण काम केलं नाही. फॉर्म खिशात होता. मला तुझा इतका संताप आला होता की तू जिवंत असतास तर मी शॉपमध्ये येऊन, सगळ्यांदेखत तुझी गचांडी धरली असती. शेवटी ठरवलं, वहिनींना खरं सांगायचं. त्यात माझी शोभा होणार होती, पण तुझी जास्त होणार होती. तीन वर्षं बायकोला फसवणारा माणूस म्हणून तू तिच्यासमोर उघडा पडणार होतास. खोटं का बोलू, त्या विचारानं मला बरं वाटलं.

काल सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी चामराजपेटेत उतरलो. वहिनी ओट्याशी होत्या. मला बसा म्हणाल्या, कॉफी टाकली. मी फॉर्म काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. फॉर्म काय असतो, तू काय भरलंस, मी काय केलं, एकाच्या चार कशा झाल्या. सांगून झाल्यावर मी खाली बघत बसलो.

वहिनींनी कॉफीचा पेला माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "शनिवारचा शर्ट मीच धुवत होते की."

मी वर बघितलं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. म्हणाल्या, पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. विचारलं होतं त्यांना. आणि तू काय उत्तर दिलंस ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. तुझा आवाजही त्यात आला.

"म्हणाले, माझ्यासाठी नाही ओढत मी, इन्स्पेक्टरसाठी ओढतो. तो बिअरचा मग उचलला की खुर्ची सरकवतो, वारा माझ्याकडून त्याच्याकडं जाईल अशी. माझ्या धुरावर त्याचं भागतं. मी बंद केली तर तो पुढच्या शनिवारी स्वतः पेटवेल. त्याची सुटायची तर माझी एक चालू पाहिजे."

वहिनींनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "मग मी गप्प बसले. एका माणसाची सुटतेय तर सुटू दे म्हटलं. आता तुम्हाला दोष द्यायला नाही सांगत मी हे. तुम्ही सगळं सांगितलंत म्हणून. आणि परवा चार होळग्या खाल्ल्यात ना, बरं वाटलं मला. यांना आवडलं असतं."

व्यंकू, हरामखोरा. मी तुझ्यावर सूड घ्यायला गेलो होतो.

तू माझ्या नावावर ओढलीस. तीन वर्षं, दर शनिवारी, माझं नाव पुढं करून. आणि मला ते नाकारता येत नाही, कारण खुर्चीचं खरं आहे. हे मी हिला सांगितलेलं नाही, जोशीला नाही, कुणालाच नाही, आणि मला वाटत होतं की कुणाच्या लक्षात आलेलं नाही. त्या पहिल्या दिवशी फॉर्म माझ्या हातात होता, मुदतीचा कोरा रकाना मला दिसला होता, मी लाल पेन काढायला खिशाकडे हात नेलाही होता. पण, वर मी क्रम उलटा लिहिला, तू सहीची वाट न बघता काडी ओढून सिगारेट पेटवली होतीस आणि पहिला धूर माझ्यापर्यंत आला. महिन्यानंतरचा पहिला. म्हणून मी सही केली. विनोद वगैरे काही नाही. त्यानंतर प्रत्येक शनिवारी मी तुझ्या शेजारची, तुझा धूर येईल त्या बाजूची खुर्ची घेत आलो. मला वाटायचं, मी तुला फसवतोय. तुला सगळं दिसत होतं.

चामराजपेटेतून एम. जी. रोडला जाणाऱ्या बसमध्ये उभा राहून मी हिशेब जुळवत होतो. आज शनिवार. आज मी तुझ्याशिवाय बसणार आणि बिअर घेणार. तुझा धूर नसताना जर माझा हात खिसा चाचपायला लागला, जर मी शेजारच्या टेबलावरून एक मागून घेतली, तर तुझं खरं ठरणार. मग तू माझ्यासाठी ओढलीस, आणि मी ते उरलेल्या आयुष्यात फेडू शकणार नाही. आणि जर मला काहीच झालं नाही, तर तू खोटा. मग तुझ्या त्या सगळ्या सिगारेटी फुकट गेल्या. मला तू खोटाच ठरायला हवा होतास. हे मी स्वच्छ लिहितो. मला तुला हरवायचं होतं, तू मेल्यावरही.

गच्चीवर दोन वाजता आपलं टेबल रिकामं होतं. मी माझ्या खुर्चीवर बसलो नाही, तुझ्या बसलो, कठड्याला पाठ लावून. आपला वेटर मंजण्णा आला. दोन आठवड्यांत त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं नेहमीसारखा एक मग, शेंगांची बशी आणि ॲशट्रे आणून ठेवला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारलं, "अवरु बरल्वा सार?" ते येणार नाहीत का.

मी म्हणालो, "इल्ला. इन्नु बरल्ला."

आता येणार नाहीत, एवढंच. पण त्याला समजलं असावं. तो इतकी वर्षं आपल्याला वाढतोय. त्यानं खांद्यावरचं फडकं हातात घेतलं, उगाच टेबल पुसलं आणि ॲशट्रे उचलायला हात पुढं केला. मी म्हटलं, राहू दे.

पहिला घोट घेतला आणि वाट बघत बसलो. इन्स्पेक्शनला बसतात तसा, डावा हात टेबलावर, उजवा मगच्या कानावर. शेजारच्या टेबलावर कंबरेला पेजर लावलेली चार पोरं होती, मारतहळ्ळीकडे कुठं ऑफिस निघतंय त्याबद्दल मोठ्यानं बोलत होती. चौघंही ओढत होते. वारा त्यांच्याकडून माझ्याकडं होता. धूर सरळ माझ्या तोंडावर आला, अगदी जवळून, तुझ्यापेक्षा महागडा.

आणि काही झालं नाही. डोळ्यांची आग झाली, नाक चुरचुरलं. मी चक्क खुर्ची बाजूला सरकवली. हात मगावरच राहिला. मी पहिला मग संपवला, शेंगा सोलल्या, दुसरा मागवला. बिअर चांगली होती, गार होती, आणि काय सांगू, मला आवडली. जोशी तीनला आला तोवर मी दुसऱ्याच्या अर्ध्यावर होतो. त्यानं मला तुझ्या खुर्चीत बघितलं आणि तो माझ्या जुन्या जागी बसला.

इतकं सोपं होतं रे. मला वाटलं होतं झगडावं लागेल, घाम फुटेल. तू खोटा ठरलास, साफ खोटा. बिअर घेऊनही सिगारेट सुटते, धुराशिवाय सुटते, हा वाद मी जिंकलो. जोशीला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, कुठला वाद? त्याला आठवतही नव्हतं. तो वाद फक्त तुझ्यामाझ्यात होता.

आणि मग प्रश्न उरला की तीन वर्षं मी ती खुर्ची कशासाठी सरकवत होतो. धुरासाठी असती तर काल त्या पोरांच्या मांडीवर जाऊन बसलो असतो. मला तुझ्याजवळ बसायचं होतं, एवढंच असणार. ते सरळ बसता आलं असतं. तू न ओढताही बसता आलं असतं. तुला वाटलं मला धूर हवा, म्हणून तू ओढत राहिलास. मला वाटलं तुझ्याशिवाय मला धूर कुठून मिळणार, म्हणून मी बोललो नाही. दोघं इंजिनीअर, दोघांनी एकदाही माप घेऊन बघितलं नाही. एक शनिवार, फक्त एक शनिवार न ओढता बसून बघितलं असतं.

आज रविवार आहे. सकाळी हिनं विचारलं, काय लिहिताय, मी म्हणालो, ऑफिसचंच आहे. लिहून होत आलंय. फॉर्म माझ्यासमोर आहे. तुझं अक्षर, माझी सही. मुदतीच्या कोऱ्या रकान्याभोवती मी लाल गोल केला, तीन वर्षं उशिरा. मग तळाच्या त्या दोन ओळींवर आलो. कन्सेशन रद्द, असं लिहून सही केली. आता हा कागद वहिनींना नेऊन देईन, तुझ्या फाइलमध्ये परत लागू दे. तू वाचशील म्हणून नाही. तुझी खोड मोडावी म्हणून.

रद्द केल्याचं कारण, या ओळीवर फार वेळ गेला. बरंच काही सुचलं, त्यातलं बरंचसं शिव्यांत होतं. शेवटी इन्स्पेक्शनमध्ये लिहितात तेवढंच लिहिलं. गरज नव्हती.